तीच गाडी, तोच कारखाना, मग देशोदेशी किंमत इतकी वेगळी का?

बंदरवाला | सोमवार, रात्री ९.४०

परदेशी महागड्या गाड्यांच्या किमतींवर इथे अधूनमधून वाद होतो आणि दरवेळी "कंपन्या भारतीयांना लुटतात" या एका वाक्यावर तो संपतो. मी न्हावा शेवाला क्लिअरिंगच्या धंद्यात आहे. या गाड्यांची बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद) भरण्याचं काम आमच्याकडे येतं, त्यामुळे रुपया कुठे कुठे वाढत जातो ते रोज बघायला मिळतं. माझं म्हणणं आधीच सांगतो: गाडी जहाजावर चढते तेव्हा तिच्या किमतीत देशागणिक फार मोठा फरक नसतो. फरक पुढे पडतो, आणि तो त्या त्या सरकारला गाडीवर कर लावून काय साधायचं आहे यावर ठरतो.

आधी आपल्याकडचा हिशोब. पूर्ण तयार गाडी (आमच्या भाषेत सीबीयू) आपल्या बंदरावर ५० लाखांना पडली असं धरू. या ५० लाखांत गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा तिन्ही आलं, त्याला सीआयएफ म्हणतात. ही किंमत ४० हजार डॉलरच्या वर असली की एकूण आयात शुल्क ११० टक्के. २०२५च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क १०० वरून ७० केलं तेव्हा बातम्या आल्या, लोकांनी पेढे वाटायचंच बाकी ठेवलं होतं. पण त्याच वेळी ४० टक्के कृषी अधिभार लागला. आधी १०० अधिक १० टक्के समाजकल्याण अधिभार असे ११० होत होते, आता ७० अधिक ४० असे ११० होतात.

म्हणजे ५० अधिक ५५, झाले १०५ लाख. आता जीएसटी लागतो तो मूळ ५० लाखांवर नाही, या १०५ लाखांवर. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना ४० टक्के. ४२ लाख मिळवले की १४७ लाख. त्यावर महाराष्ट्रात आरटीओचा कर, आयात गाडीला २० टक्के, म्हणजे २९ लाख ४० हजार. बेरीज १ कोटी ७६ लाख ४० हजार. यात आयातदाराचा आणि डीलरचा नफा, विमा, वाहतूक काहीच धरलेलं नाही. नफा मिळवला की त्यावर पुन्हा जीएसटी आणि त्यावर आरटीओ.

थोडक्यात, बंदरावरच्या किमतीत एक लाख वाढले की रस्त्यावर येईपर्यंत त्याचे साडेतीन लाख होतात. युरो चार-पाच रुपयांनी वर गेला की कंपन्या लगेच भाव का वाढवतात, ते यावरून लक्षात येईल. कस्टम्स दर पंधरवड्याला स्वतःचा विनिमय दर जाहीर करतं, हिशोब त्याच दराने होतो. जहाज बंदराबाहेर उभं असताना दर बदलला तर आयातदाराच्या घशाला कोरड पडते.

दुबईत तीच गाडी: ५० लाखांवर ५ टक्के कस्टम्स, त्यावर ५ टक्के व्हॅट. ५५ लाख साडेबारा हजार. संपलं.

इथे जगभर राहणारे सभासद आहेत. आपापल्या देशात काय पद्धत आहे, लिहा.

---

टँपिनीसची_मीरा | सोमवार, रात्री १०.५५

बंदरवाला दादा, हिशोब मांडलात ते फार बरं केलंत. सिंगापूरचं मी सांगते, कारण भारत महाग आहे असं म्हणणाऱ्यांनी इथले आकडे बघायलाच हवेत.

इथे गाडी घेण्याआधी गाडी बाळगण्याचा परवाना घ्यावा लागतो, सीओई. १९९० पासून ही पद्धत आहे. महिन्यातून दोनदा लिलाव होतो. सरकार ठरवतं की या खेपेला इतके परवाने, आणि आपण बोली लावायची. परवाना दहा वर्षांचा. दहा वर्षांनी गाडी कितीही ठणठणीत असली तरी एकतर त्या वेळच्या दराने परवाना वाढवून घ्या, नाहीतर गाडी मोडीत काढा किंवा देशाबाहेर पाठवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या वर्गातला परवाना १,५०,००१ सिंगापूर डॉलरला गेला. फक्त परवाना हं, चार चाकं वेगळी.

तुमचीच गाडी घेते. ५० लाख म्हणजे साधारण ७५ हजार सिंगापूर डॉलर. त्यावर २० टक्के अबकारी, १५ हजार. मग ९ टक्के जीएसटी, ८,१००. मग येतं ते एआरएफ, नोंदणीचं अतिरिक्त शुल्क, आणि ते पायऱ्यापायऱ्यांनी चढतं: पहिल्या २० हजारांवर १०० टक्के, पुढच्या २० हजारांवर १४०, त्यापुढच्यांवर १९०, मग २५०, आणि ८० हजारांच्या वर ३२० टक्के. आपल्या गाडीला ते १,२३,५०० येतं. म्हणजे परवान्याआधीच २,२१,६०० डॉलर. अलीकडे या वर्गातला परवाना लाखाच्या वरच असतो, तो धरला की मूळ किमतीच्या चौपटीहून जास्त.

पण इथल्या सरकारला त्यातून काय हवंय हे अगदी उघड आहे, त्यांनी कधी लपवलंही नाही. बेट लहान आहे, जमिनीचा १२ टक्के भाग आधीच रस्त्यांनी व्यापलाय. फेब्रुवारी २०१८ पासून खासगी गाड्यांच्या संख्येत वाढ शून्य टक्के ठेवली आहे. साधारणपणे एक गाडी बाद झाली की दुसरीला जागा. इथे गाड्यांचा कारखाना जपायचा नाहीये, रस्ता मोकळा ठेवायचाय.

आणि एक गंमतीची नोंद: नोव्हेंबर २००८ मध्ये, मंदीत, लहान गाड्यांच्या वर्गातला परवाना २ डॉलरला सुटला होता. पुरेशा बोल्याच आल्या नाहीत. लिलाव खरा आहे याचा याहून मोठा पुरावा कोणता?

---

लोकलचा_प्रवासी | मंगळवार, सकाळी ८.१०

माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. "कंपनीचा काही दोष नाही, सगळं सरकारचं" हे मला पटत नाही. कंपनी काय धर्मादाय संस्था आहे का? ज्या देशात गिऱ्हाईक जास्त द्यायला तयार, तिथे जास्त लावणार. आपल्याकडे अशी गाडी घेणारा माणूस घासाघीस करत नाही हे त्यांना ठाऊक आहे.

दुसरं, हा कर कमी व्हावा असं कुणाला वाटत असेल तर का वाटावं? ज्या शहरात लोक लोकलच्या दाराला लटकून प्रवास करतात, तिथे दोन कोटींची गाडी साडेतीन कोटींना पडली म्हणून मला वाईट वाटत नाही.

---

उत्तरवारा | मंगळवार, दुपारी १.२५

लोकलचा_प्रवासी यांच्या पहिल्या मुद्द्यावर. मी डेन्मार्कमध्ये, ओऱ्हुसला राहतो. तुमच्या शंकेत तथ्य आहे, पण ते उलट्या दिशेने!

डेन्मार्कमध्ये आधी २५ टक्के व्हॅट लागतो, आणि व्हॅटसकट जी किंमत होते तिच्यावर नोंदणी कर. पहिल्या थोड्या रकमेवर २५ टक्के, मधल्या टप्प्यावर ८५, उरलेल्या सगळ्यावर १५०. २०१५च्या अखेरीपर्यंत वरचा दर १८० टक्के होता. चार लाख क्रोनरची पेट्रोल गाडी कर भरून दहा लाखांच्या पुढे जाते. देशात गाड्यांचा एकही मोठा कारखाना नाही, त्यामुळे कर वाढवला म्हणून कुणाची नोकरी जाईल अशी भीती कधी नव्हतीच. सरकारसाठी ही भरवशाची तिजोरी.

आता यातली खरी मेख. युरोपीय आयोग अनेक वर्षं सदस्य देशांतल्या गाड्यांच्या करापूर्वीच्या किमतींचा तुलनात्मक अहवाल काढत असे. त्यात सर्वांत स्वस्त देशांत डेन्मार्कचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. कारण सोपं आहे. इथे कंपनीने मूळ किमतीत हजार क्रोनर वाढवले की गिऱ्हाइकाला तीन हजारांच्या आसपास फटका. मग गाडी खपणारच नाही. म्हणून कंपनीच स्वतःचा नफा कापून मूळ किंमत खाली ठेवते. म्हणजे जड कराचा काही भाग गिऱ्हाईक भरतं, आणि काही भाग कंपनी गपचूप सोसते.

आणि कंपन्या देशोदेशी वेगळे भाव लावतात, ते टिकवण्यासाठी धडपडतात, हेही खरं आहे. त्याचं गाजलेलं प्रकरण म्हणजे १९९८. त्याआधी इटलीचा लिरा घसरला होता, त्यामुळे इटलीत फोक्सवागन आणि आउडी जर्मनीपेक्षा बऱ्याच स्वस्त पडत. जर्मन आणि ऑस्ट्रियन गिऱ्हाईकं सीमा ओलांडून इटलीत गाडी घ्यायला जाऊ लागली. फोक्सवागनने इटलीतल्या डीलरांवर दबाव आणला की परदेशी गिऱ्हाइकाला विकू नका. युरोपीय आयोगाने १० कोटी २० लाख एक्यू दंड ठोकला (युरोच्या आधीचं हिशोबी चलन). पुढे न्यायालयात तो ९ कोटी युरोवर आला, पण दोष कायम राहिला. एकाच बाजारपेठेत, सीमेवर शुल्क नसताना, तीच गाडी दोन भावांनी विकली जात होती. तिथे सरकारचा कर हे कारणच नव्हतं.

---

बंदरवाला | मंगळवार, सायंकाळी ७.०५

उत्तरवारा, उत्तम प्रतिसाद. दंडाचं प्रकरण मला ठाऊक होतं, डेन्मार्कच्या करापूर्वीच्या किमतीचं नव्हतं. यावरून लोकलचा_प्रवासी यांच्या शंकेला नीट उत्तर देता येईल.

भारतात येणारी बहुतेक सीबीयू गाडी परदेशी मूळ कंपनीकडून तिच्याच भारतीय कंपनीला विकली जाते. बापाने मुलाला विकलेला माल. तिथे बिलावरची किंमत खरी कशावरून? त्यासाठी कस्टम्सची वेगळी शाखाच आहे, स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँच. ते नातं तपासतात, करार मागतात, तोच माल इतर देशांत कितीला जातो ते विचारतात. किंमत मुद्दाम कमी दाखवली तर शुल्क बुडतं, म्हणून कस्टम्सची नजर बिल कमी तर नाही ना यावर. आणि तिकडे आयकर खात्याची नजर अगदी उलट: बिल फुगवून इथला नफा परदेशी तर नेत नाही ना! दोन्ही खाती एकाच सरकारची, एकाला आकडा मोठा हवा, दुसऱ्याला लहान. या कात्रीत सापडलेल्या कंपनीला बंदरावरची किंमत मनाला येईल तशी ठेवता येत नाही.

जहाजाचं भाडंही मोजा. आपण आणि युरोप सीआयएफवर शुल्क लावतो, म्हणजे भाड्यावर आणि विम्यावरही शुल्क. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका एफओबीवर लावतात, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीवर. दर टक्क्यांत सारखा दिसला तरी ओझं सारखं नसतं.

आता कर असावा की नसावा. मी कर काढा म्हणतच नाहीये. मला इतकंच हवंय की लोकांनी त्याचा हेतू तपासावा.

---

चाकणकर | मंगळवार, रात्री १०.३०

या धाग्यात एक मोठी गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. रस्त्यावर दिसणाऱ्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, आउडी यांतल्या बहुतेक गाड्या ११० टक्के शुल्काच्या नाहीतच. त्या इथे जोडलेल्या आहेत.

सुटे भाग पेटीत भरून आणले आणि इंजिन, गिअरबॉक्स वगैरे आधी जोडलेले नसले तर मूळ शुल्क १५ टक्के. याला सीकेडी म्हणतात. तेच भाग तिकडून जोडून आणले की ३५. आणि पूर्ण गाडी आणली तर ११०. या तीन आकड्यांमधल्या दरीत आमच्या भागातल्या हजारो लोकांची पोटं आहेत. मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) आवारात ई-क्लास जोडायला सुरुवात केली, २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना थाटला. आउडी छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्र्याला जोडली जाते, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ.

ताजं उदाहरण रेंज रोव्हरचं. मे २०२४ पर्यंत ती इंग्लंडातल्या सोळिहलहून तयारच यायची. मग टाटांनी (मालक तेच) पुण्यात चिखलीला जोडणी सुरू केली. गाडीच्या ५४ वर्षांच्या इतिहासात इंग्लंडबाहेर पहिल्यांदा. किमती १८ ते २२ टक्क्यांनी खाली आल्या. रेंज रोव्हर स्पोर्ट १ कोटी ४० लाखांपासून मिळू लागली. तीच गाडी, तेच इंजिन, तीच कातडी आसनं, फक्त शेवटची जोडणी तिकडे करायची की चिखलीत, एवढ्यावर किती फरक पडला बघा.

मी स्वतः जोडणीच्या लाइनवर काम केलंय. "नुसते नटबोल्ट पिळतात" असं कुणी म्हटलं की वाईट वाटतं. सुरुवातीला तसं असतंही. पण एकदा लाइन उभी राहिली की मागोमाग वायरिंगवाला येतो, सीटवाला येतो, टायरवाला येतो. ज्या मुलांनी आयटीआय करून तिथे सुरुवात केली, त्यांतली काही आज परदेशी कारखान्यांत नव्या लाइन उभारून देतात. म्हणून मला ते ११० टक्के नकोसे वाटत नाहीत. ती भिंत होती म्हणून दार इकडे उघडलं.

---

मेलबर्नमामा | बुधवार, सकाळी ६.५०

चाकणकर, तुमचा प्रतिसाद मनाला भिडला. पण भिंतीचं पुढे काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा.

ऑस्ट्रेलियात २००० साली जीएसटीबरोबर लक्झरी कार टॅक्स आला. ठरावीक मर्यादेच्या वर गाडीची किंमत गेली की वरच्या भागावर कर. आता दर ३३ टक्के. २०२४-२५ साठी मर्यादा ८०,५६७ ऑस्ट्रेलियन डॉलर, कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांसाठी ९१,३८७. इथल्या गाडी-कारखान्यांना थोडा आधार, असं त्याचं समर्थन होत असे, कारण इथे बनणाऱ्या होल्डन, फोर्ड, टोयोटा बहुतांशी त्या मर्यादेखाली येत.

फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये इथली निर्मिती थांबवली. टोयोटाचा आल्टोनाचा कारखाना आणि होल्डनचा ॲडलेडजवळच्या एलिझाबेथचा कारखाना, दोन्ही ऑक्टोबर २०१७ मध्ये बंद. जपायला कुणी उरलं नाही. कर मात्र आहे तिथेच आहे! युरोपीय संघाने व्यापार करारासाठी वाटाघाटी करताना तो हटवा म्हणून आग्रह धरला होता. आता त्याचं समर्थन "श्रीमंतांनी जास्त द्यावं" असं केलं जातं. माझी तक्रार करावर नाही, ती सबब बदलत राहण्यावर आहे. शेतावर मोठी फोर व्हील ड्राइव्ह लागणारी कुटुंबंही त्यात अडकतात.

---

लोकलचा_प्रवासी | बुधवार, सकाळी ९.१५

उत्तरवारा आणि बंदरवाला, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. कंपनीच्या मुद्द्यावर तुमचं म्हणणं मान्य. पण श्रीमंतांनी जास्त द्यावं हा विषय निघालाच आहे तर आपल्याच राज्याचं बघू.

आरटीओच्या कराला महाराष्ट्रात कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, २०२५च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाख केली. म्हणजे दीड कोटीच्या आयात गाडीला २० टक्क्यांनी जेमतेम ३० लाख होतात, आणि पाच कोटींच्या गाडीलाही तेच ३० लाख. टक्केवारीत सहा. आणि मी घेतली दहा लाखांची पेट्रोल गाडी, तर मला ११ टक्के. हे कुठलं गणित? सिंगापूरच्या ताई म्हणाल्या तशा पायऱ्या वर चढायला हव्यात, आपल्याकडे जिना मध्येच कापला आहे.

एवढं करूनही मुंबईत पुदुच्चेरीच्या पाटीच्या गाड्या फिरताना दिसतातच. तिकडचा कर कमी, म्हणून नोंदणी तिकडची. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते असा मोटार वाहन कायदाच आहे. अंमलबजावणी कोण करणार?

---

बंदरवाला | बुधवार, रात्री ८.२०

लोकलचा_प्रवासी, कमाल मर्यादेबद्दल शंभर टक्के सहमत. केंद्राचं शुल्क आणि जीएसटी यांना अशी मर्यादा नाही, म्हणून एकूण बोजा महागड्या गाडीवर मोठाच राहतो, पण राज्याच्या करात तुम्ही दाखवलेली विसंगती खरी आहे. मर्यादा असण्यामागचं कारणही तुम्हीच लिहिलंत: फार ताणलं तर नोंदणी दुसऱ्या राज्यात जाते. डेन्मार्कच्या माणसाला नोंदणी शेजारच्या जिल्ह्यात नेऊन कर चुकवता येत नाही, आपल्याकडे राज्यांची आपसातच चढाओढ आहे. आयात शुल्क दिल्लीत ठरतं, त्यामुळे तिथे ही पळवाट नाही. नेमकी म्हणूनच सगळी भिस्त आयात शुल्कावर पडते.

आपलं शुल्क इतकं जड का, याची मुळं परकीय चलनाच्या तुटवड्यात आहेत. १९९१ च्या आधी परदेशी गाडी आणायलाच परवानगी जवळजवळ नव्हती. दूतावासातल्या जुन्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी विकायची, आणि सिनेमावाले, उद्योगपती त्यांवर उड्या टाकायचे. गाड्यांवरचे संख्येचे निर्बंध १ एप्रिल २००१ ला उठले, त्यांची जागा शुल्काने घेतली. श्रीलंकेचं उदाहरण ताजं आहे: मार्च २०२० मध्ये डॉलर वाचवायला वाहनांची आयातच थांबवली, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात तिथे जुन्या गाड्या नव्याच्या भावाने विकल्या गेल्या. क्यूबात तर सरकारच एकमेव विक्रेता होतं. जानेवारी २०१४ मध्ये विक्री खुली झाली तेव्हा पूझो ५०८ वर दोन लाख बासष्ट हजार डॉलरची चिठ्ठी होती.

---

प्रश्नचिन्ह | बुधवार, रात्री ११.४०

वाचतेय. टेस्लाचं कुणी सांगेल का? मुंबईत बीकेसीत दुकान उघडलं तेव्हा किंमत बघून आमच्याकडे सगळ्यांचे डोळे पांढरे झाले होते. इलेक्ट्रिकला तर जीएसटी फक्त ५ टक्के आहे ना?

---

चाकणकर | गुरुवार, सकाळी ७.३०

हो, ५ टक्केच. शिवाय महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला रस्ता करात सवलत. तरी जुलै २०२५ मध्ये मॉडेल वाय ५९ लाख ८९ हजारांपासून सुरू झाली. ती शांघायच्या कारखान्यातून आली. चीनमध्ये तेव्हा तीच गाडी २,६३,५०० युआनपासून होती, म्हणजे साधारण साडेएकतीस लाख, आणि त्यात त्यांचा व्हॅटही आला. मधली बरीचशी वाढ आयात शुल्काची. ४० हजार डॉलरखालच्या गाडीला ७० टक्के, वरच्या गाडीला ११०. एका डॉलरच्या फरकावर ही पायरी आहे, त्यामुळे कुठलं मॉडेल भारतात आणायचं हे ठरवताना कंपन्या आधी तो आकडा बघतात.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने योजना काढली की ४,१५० कोटी रुपये गुंतवून इथे कारखाना उभारा, मग ३५ हजार डॉलरच्या वरच्या वर्षाला ८,००० इलेक्ट्रिक गाड्या १५ टक्क्यांत आणा. टेस्लाने कारखान्याची तयारी दाखवली नाही, म्हणून पूर्ण शुल्क. मला यात सरकारचं वागणं योग्य वाटतं.

---

शारजाकर | गुरुवार, दुपारी ३.१०

उशिरा आलोय, पण धागा फारच छान चाललाय. दुबईचा हिशोब बंदरवाला साहेबांनी दिलाच आहे. इथल्या गाड्यांना मोठा रेडिएटर, जास्त ताकदीचा एसी, वाळूसाठी वेगळे फिल्टर असतात, तरी स्वस्त. कारण इथे तेलाचं उत्पन्न आहे, गाड्यांवर कर लावून तिजोरी भरायची गरज सरकारला कधी पडली नाही. जपायला स्थानिक कारखानाही नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. कायमचं पुण्याला परतायचा विचार चाललाय. इथली गाडी सोबत आणता येईल का? इतकी सांभाळून वापरलेली गाडी मातीमोल भावाने विकायला मन धजत नाही. ओळखीचे लोक म्हणतात "जहाजावर टाक, बघून घेऊ."

---

बंदरवाला | गुरुवार, रात्री ९.००

शारजाकर, कृपा करून जहाजावर टाकू नका. असं बघून घेऊ म्हणत पाठवलेल्या गाड्या बंदरात पडून राहतात, रोजचं भाडं चढत जातं आणि मालक शेवटी गाडीवर पाणी सोडतो.

तुमची गाडी डाव्या स्टिअरिंगची असणार. भारतात वापरलेली गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडेच हवं, ही पहिली अट. अमिरातीतल्या बहुतेक गाड्या इथेच बाद. दुसरी अट, गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको. तिसरी, वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते. आणि हे सगळं जमलं तरी शुल्क नव्या गाडीपेक्षाही जास्त आहे. जुन्या गाडीची किंमत तुमच्या विक्रीच्या पावतीवर ठरत नाही, नवी असतानाच्या किमतीवरून वर्षागणिक घसारा धरून काढतात. परतणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत मिळते ती गाडीला नाही.

काही महिने इथे फिरवून परत न्यायची असेल तर कार्ने नावाचा कागद मिळतो. त्यावर सहा महिन्यांपर्यंत शुल्क न भरता गाडी ठेवता येते, पण परत न्यावीच लागते, आणि हमी म्हणून मोठी रक्कम अडकते. पर्यटकांसाठी ठीक, परतणाऱ्यांसाठी नाही.

तिथेच विका. इथे आल्यावर चाकण-चिखलीत जोडलेली घ्या, सर्व्हिसला पण सोपी पडेल.

आणि नवीच इंग्लिश गाडी घ्यायची असेल, फार घाई नसेल, तर थोडं थांबायला हरकत नाही. २४ जुलै २०२५ ला भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारात ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं आहे. संख्येची मर्यादा असल्यामुळे पहिल्या वर्षी कुठली कंपनी किती गाड्या त्यात बसवते यावर भाव ठरेल. त्याची अधिसूचना आणि कोट्याच्या वाटपाचे नियम हातात आले की इथेच हिशोब मांडतो.

---

शारजाकर | गुरुवार, रात्री ९.३५

मनापासून आभार. उद्याच इथल्या डीलरकडे भाव विचारतो. मीराताई, तुमच्याकडच्या दहा वर्षं झालेल्या गाड्या उजव्या स्टिअरिंगच्याच असतात ना? मग त्या भारतात का येत नाहीत?

---

टँपिनीसची_मीरा | गुरुवार, रात्री १०.१५

स्टिअरिंग उजवीकडेच असतं, पण बंदरवाला दादांनी लिहिलेली तीन वर्षांची अट आडवी येते. इथून निघणाऱ्या गाड्या बहुतेक त्यापेक्षा जुन्या असतात. शिवाय दहा वर्षं पुरी व्हायच्या आत गाडी नोंदणीतून काढली तर आधी भरलेल्या एआरएफचा काही भाग परत मिळतो, म्हणून लोक ती वेळेत काढतात आणि गाड्या ज्या देशांत जुन्या गाड्यांना मुभा आहे तिकडे जातात. भारताच्या वाट्याला त्या येत नाहीत.